भनपुरीत फुटलेलं इंजिन

लिंबू-मिरचीविरुद्ध पत्रकं वाटणारी मी. ‘चमत्कार सिद्ध करा, नाहीतर दुकान बंद करा’ असं गोल बाजारात भोंग्यावरून ओरडलेली. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण झालं ते झालं.

एप्रिलची दुपार. आईला दम्याचा झटका आला, पंप संपलेला. ॲम्ब्युलन्स तासाभराने येणार म्हणे — गरिबाने तोवर श्वास रोखून धरायचा. शेवटी आमची प्रचाराची जुनी व्हॅन काढली आणि शंकर नगरच्या हॉस्पिटलकडे निघाले.

भनपुरीत ट्रकांच्या रांगेत अडकलो. सीटखालून वाफ, मग लोखंड फुटल्याचा आवाज, आणि गाडी बंद. तेव्हा आठवलं — आदल्या दिवशी सभेच्या भोंग्याला जोडायला, इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पंख्याची वायर मीच काढली होती. परत जोडलीच नाही.

“काहून थांबली वं?” आईने कसंबसं विचारलं. ओठ निळे पडलेले. मी हात दाखवत रस्त्यात उभी राहिले, कोणी थांबलं नाही. शिव्या दिल्या, रडले. दहा मिनिटांनी नुसतीच चावी फिरवली... व्हॅन चालू झाली. थेट हॉस्पिटलच्या दारात जाऊन बंद पडली. आई वाचली.

दुसऱ्या दिवशी व्हॅन ओढत गॅरेजला नेली. साहू भैयाने इंजिन उघडलं.

“दीदी, इसको हॉस्पिटल तक खींच के कौन लाया?”

“मैं चला के लाई.”

“हव, और मैं हवाई जहाज चलाता हूँ.”

त्याने दाखवलं — आतला रॉड तुटून इंजिनच्या लोखंडी ब्लॉकला मुठीएवढं भोक, आत सगळं जाम, ऑइलचा थेंब नाही. “ये एक चक्कर नहीं घूमेगा.”

हॉस्पिटलच्या दारातच फुटलं असेल, म्हणून जाऊन पाहिलं. फरशी कोरडी. मग दोघं भनपुरीला गेलो. रस्त्याकडेला ऑइलचा काळा डाग, त्यात ब्लॉकचा तुकडा. साहू भैयाने तो गॅरेजमध्ये आणून भोकाला लावला. नेमका बसला.

आणखी दोन मेकॅनिकना दाखवलं. एकाने नारळ फोडायला सांगितलं.

आई म्हणते, “वाचली न मी? मग काहून डोकं खाऊन राहिली?”

नारळ मी फोडणार नाही. मला कारण पाहिजे. कारण कळलं तर ती गोष्ट पुन्हा करता येते. ही मला पुन्हा करता येणार नाही... आणि आईचा दमा काही गेलेला नाही.