शकूला पाणी दे

मी प्राथमिक शिक्षिका आहे. "मॅडम, भुतं असतात का?" असं दर वर्षी एखादं लेकरू विचारतं आणि दर वर्षी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'नाही' लिहिते. आमचं घर बौद्ध. उतारे, गंडेदोरे, अंगात येणं यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. वडिलांनी दाराला लिंबू-मिरचीसुद्धा कधी बांधू दिली नाही. म्हणूनच हे लिहायला मला वर्ष लागलं. खरं सांगायचं तर वेळही नव्हता...

मागच्या वर्षी होळीच्या आधी आम्ही कुरुंद्याहून हिंगोलीला राहायला आलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी माय. मायला चार वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. मला ती कधी 'बाई' म्हणते, कधी 'ओ सिस्टर'. शाळा हिंगोलीजवळ मिळाली, डॉक्टरही हिंगोलीतच, म्हणून स्टेशनच्या पलीकडं, शेतं मोडून प्लॉट पाडलेल्या एका नव्या वसाहतीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सामानाच्या टेम्पोत माय पुढं बसली होती आणि वाटभर झोपली होती. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मी तेच पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं.

शाळा सकाळची होती. पावणेसातला मायला चहा-बिस्कीट द्यायचं, बाहेरून कुलूप लावायचं आणि निघायचं. साडेबाराला परत. वाचणाऱ्यांना राग येईल... येऊ द्या. सांभाळायला बाई शोधत होते, मिळत नव्हती. घराची एकच खिडकी उघडायची, तीही मागच्या मोकळ्या प्लॉटकडं. तिथं बाभळी आणि कुणीतरी टाकून दिलेल्या विटा. म्हणजे माय कुणाला दिसत नव्हती, तिलाही कुणी दिसत नव्हतं. आणि माझी स्वतःची वसाहतीत ओळख म्हणाल तर दूधवाला आणि घरमालक, बस. संध्याकाळी बायका गेटवर उभ्या राहून बोलायच्या. मला तेवढंही त्राण नसायचं.

पंधरा दिवसांनी गव्हाचं पीठ संपलं. मी डबा भरत होते तर माय पलंगावरून म्हणाली, "मुनीरकडं ने. त्यो बारीक दळतो."

मी लक्ष दिलं नाही. दोन गल्ल्या सोडून गिरणी होती, तिथं डबा ठेवला आणि सहज विचारलं, "मुनीरभाई कोण?"

पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून गिरणीवाला म्हणाला, "मैंच. नाम किसने बताया? बोर्ड तो लगाया बी नहीं अभी."

मी म्हटलं, घरमालकाच्या तोंडून मायनं ऐकलं असेल. आठवड्यानं ती म्हणाली, "कोपऱ्यावरचं लेकरू लई रडून राहिलं. दात येऊन राहिले त्याला." कोपऱ्यावरच्या घरात खरंच तान्हं मूल होतं आणि त्याला दात येत होते. यालाही माझ्याकडं उत्तर होतं—रडणं ऐकू आलं असेल. दमलेल्या माणसाला कुठलंही उत्तर चालतं.

मग तो एप्रिलमधला मंगळवार. मी शाळेतून आले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. मायला वरण-भात कालवून घास पुढं केला, तर तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"शकूला पाणी दे आधी."

"कोण शकू?"

"पडली ना ती. फरशीवर हाय. तिला तहान लागली."

मी म्हटलं, "देते, तू जेव." तिनं घास हातानं बाजूला सारला. तीनदा सारला. चौथ्यांदा भात माझ्या साडीवर सांडला आणि मी ताट तसंच ठेवून आतल्या खोलीत जमिनीवर आडवी झाले. मला रागही आला नव्हता. नुसतं पडून राहावंसं वाटत होतं. डोळा लागला.

जाग आली ती दार वाजवण्याच्या आवाजानं. माय आतूनच, दोन्ही तळहातांनी दार बडवत होती. घड्याळात पाहिलं, अर्धा तास गेला होता. दार उघडलं तर ती अनवाणी बाहेर पडली. मी चप्पल घेऊन मागं धावले आणि तिचा हात धरला. परत ओढायचं म्हणून धरला होता... पण ती चालायला लागली आणि मीच तिच्या मागं गेले. ज्या बाईला घरात मोरी सापडत नाही, ती गिरणीवरून सरळ, मग डावीकडं, मग पुन्हा डावीकडं अशी न थांबता चालत होती. एका निळ्या गेटसमोर ती उभी राहिली.

"हितं."

मी कडी वाजवली, हाका मारल्या. गेटला आतून कुलूप. आतून काही आलं नाही. मी परत फिरणार तेवढ्यात अगदी बारीक, कण्हल्यासारखा आवाज आला. समोरच्या घरातले गृहस्थ आवाजानं बाहेर आले होते. ते म्हणाले, "एकट्याच राहतात. पोरगा पुण्याला. सकाळपासून दिसल्या न्हाईत व्हय." ते भिंतीवरून उडी मारून आत गेले, मागचं दार ढकललं आणि आतूनच ओरडले, "पाणी आणा, पाणी."

त्यांनी आतली किल्ली शोधून गेट उघडलं. बाथरूमच्या फरशीवर सत्तरीच्या एक बाई पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळी सहापासून तशाच. ओठ फुटले होते. मी चमच्यानं पाणी पाजलं. अँब्युलन्स येईपर्यंत माय बाहेर ओट्यावर बसून होती, जणू कुणाच्या तरी घरी पाहुणी आलीय. त्यांना नांदेडला नेलं, ऑपरेशन झालं, वाचल्या.

त्यांचं नाव शकुंतलाबाई.

जूनमध्ये त्या परत आल्या तेव्हा मी भेटायला गेले. सगळं सांगितलं, त्या अर्ध्या तासाच्या झोपेचंही सांगितलं. ते सांगितल्याशिवाय मला राहवत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला शकू म्हणणारं आता कोणी राहिलं न्हाई, बाई. माझी थोरली बहीण म्हणायची, तिला जाऊन नऊ वर्षं झाली."

आम्ही दोघींनी बसून सगळी गावं काढली. त्यांचं माहेर वाशिमकडचं, सासर कळमनुरीचं. मायचं माहेर वसमतच्या बाजूचं. शाळा नाही, नातं नाही, कुठल्या लग्नातली भेट नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, या आजारात भास होतात. मी म्हटलं, भासाला पत्ता बरोबर कसा सापडतो? ते गोळ्यांची चिठ्ठी लिहीत राहिले.

वसाहतीत बोभाटा झाला. एक बाई हरवलेल्या मंगळसूत्राचं विचारायला आली, एक जण मुलाच्या नोकरीचं. मी हात जोडून परत पाठवलं. तसंही मायनं त्या दिवसानंतर कुणाचंच नाव घेतलेलं नाही.

आता शाळा दहा ते पाच असते. शकुंतलाबाई वॉकर टेकत साडेनऊला येतात आणि मी परत येईपर्यंत मायजवळ बसतात. मी नको म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "घरी तरी काय, भिंतीच बघून राहिले मी. आणि तू अशीच राबलीस तर आधी तूच पडशील." रविवारी दुपारी त्या येतात तेव्हा मी झोपते.

मागच्या रविवारी झोप आली नाही. बाहेर आले तर दोघी पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. मी मायच्या पुढ्यात बसले आणि इतक्या महिन्यांनी शेवटी विचारलं, "माय, शकू पडली हे तुला कसं कळलं गं?"

मायनं माझ्याकडं पाहिलं, शेजारी पाहिलं, हातातली काडी बाजूला ठेवली.

"कोण शकू?" ती म्हणाली.

शकुंतलाबाईंनी तिच्यापुढं आणखी एक जुडी सरकवली. मी आत गेले आणि आडवी झाले.