म्हशीची वर्तुळपाकळी

माझं लग्न म्हशीच्या मानेपायी मोडता मोडता राहिलं.

केंदूरला आमच्याकडे दौंडची माणसं घर बघायला येणार होती. मुलीकडचे आले की दुभतं जनावर दारात बांधायची आमच्यात रीत. पाहुण्यांनी आधी म्हैस बघायची, मग नवरा मुलगा! (क्रम योग्यच होता. म्हैस निदान दूध द्यायची.) शिंगांना तेल लावून माझ्या वडिलांनी, आबांनी, म्हैस अंगणात आणली आणि आई भडकली.

“पाव्हण्यांच्या मांडीवरच बांधा की तिला! खुर्च्या कुठं मांडू?”

मी बी.एस्सी. झालेला, शिरूरला क्लासमध्ये गणित शिकवणारा. असा मोका सोडतोय होय?

“थांबा! घराच्या आणि गोठ्याच्या भिंतींत काटकोन आहे. कोपऱ्यात खुंटा, बारा फूट दावं. म्हैस फिरेल तेवढी जागा म्हणजे वर्तुळपाकळी, आणि तिची गोल कड म्हणजे कंस. कंसाच्या आत म्हैस, बाहेर पाहुणे!”

“येवढी म्हस पाकळीत?” आई म्हणाली.

आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, पांढऱ्या फक्कीची पिशवी उचलली. “रेघ किती लांब व्हईल?”

मी काडीनं मातीत गणित मांडलं. “एकशे तेरा फूट.”

“आरं, आख्खं आंगण चाळीस फुटांचं! बाकीची काय शेजाऱ्याच्या चुलीपतुर न्यायची?”

“ते क्षेत्रफळ झालं हो! चौरस फूट! कंस एकोणीस फूट.”

“मग एकशे तेरा काय?”

“म्हशीची जागा.”

“आन् एकोणीस?”

“म्हशीची हद्द.”

“आन् बारा?”

“दावं!”

“म्हस तर येकच हाय!” आबा कपाळाला हात लावून खाली बसले. (खरं सांगतो, तोवर माझाही गोंधळ उडाला होता.)

शेवटी रेघ पडली. देखणी, गोल! तिला अगदी खेटून खुर्च्या मांडल्या.

दुपारी जीपमधून पाहुणे उतरले. मुलीचे मामा मधल्या खुर्चीत बसले. डोक्यावर खळ देऊन कडक केलेली पांढरीशुभ्र टोपी.

“पोराला गणित लई येतं,” आबा म्हणाले. “ही रेघ त्यानंच काढली. म्हस हिच्या भाईर पाय टाकायची न्हाई.”

“वा!” म्हणत मामा कौतुकानं माझ्याकडे वळले. म्हणजे त्यांची पाठ म्हशीकडे झाली.

म्हैस सावकाश पुढं आली. पाय रेघेच्या आतच थांबले. माझी छाती फुगली. मग तिनं मान लांब केली, आणि मामांची टोपी अलगद उचलून चावायला लागली!

“आरं सोडवा!” आप्पा टोपीचं एक टोक ओढायला लागले. खळीची चव लागलेली म्हैस कसली सोडतेय!

“पण पाय आतच आहेत!” मी ओरडलो.

“पाय टोपी खात्यात व्हय रं?” मामा बोडक्या डोक्यानं गरजले.

“मुडद्या,” आई म्हणाली, “दावं गळ्यापतुर मोजलंस. गळ्याच्या म्होरं म्हस हाय की!”

पाहुणा बोडका बसलाय म्हणजे सोयरीक मोडल्यातच जमा. आणि मला तर ती मुलगी बघायला गेलो तेव्हाच फार आवडली होती.

आबा उठले. स्वतःची टोपी काढून त्यांनी मामांच्या डोक्यावर ठेवली. ती मामांच्या कानांपर्यंत उतरली. मामांनी ती वर सारली, म्हशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसायला लागले.

“पोरगं हिशेबात लई कच्चं हाय,” ते म्हणाले. “म्हंजी लबाड नसंल. देऊ पोरगी!”

दौंडला लग्न झालं. पंगतीला बसायला गेलो, तर माझ्या पाटाभोवती फक्कीची गोल रेघ! मामा तिच्यापासून चांगले चार हात लांब, डोक्यावरची टोपी घट्ट धरून बसलेले.

“बसा, जावईबापू,” ते म्हणाले. “या बारीला मान धरून मोजलंय.”