साडूभाऊंच्या खिडकीला माझा पक्का काळा

माझ्या साडूइतका डोक्याला ताप देणारा माणूस सगळ्या म्हैसुरात सापडायचा नाही. दोन आकाशगंगा एकमेकींत कशा मिसळतात, हा त्याचा अभ्यास. त्यांचा जो उजेड माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, तो टिपायचे कॅमेरे हा स्वतः बांधतो. न दिसणारं बघतो म्हणून लोक त्याला सर म्हणतात. मला समोरची मिठाची बरणी दिसत नाही, तर बायको काय म्हणते ते इथं सांगत नाही. त्याच्याबरोबर कुठं जायची सोय नाही. टी. नरसीपूरला संगमावर सगळे बुडी मारून वर आले, हा गुडघाभर पाण्यात उभाच. "अण्णा, सांगा, यात कावेरी कुठली, कपिला कुठली? आकाशगंगा अशाच मिसळतात. पण तारा ताऱ्यावर आपटत नाही, एवढी जागा असते मध्ये." मी शहाण्यासारखी मान डोलावत राहिलो, तोवर काठावरचं माझं धोतर पाण्यात गेलं. "बघा, बघा, प्रवाह कसा वळतो!" म्हणून हा खूश. मी टॉवेलवर बसनं घरी आलो.

आता मी कापड रंगवणारा रंगारी. शाळा दुसरीत सुटली, पण आमच्या आज्जापासून घरचा काळा म्हणजे पक्का काळा. साडूला कॅमेरा तपासायला खोली अंधारी करायची होती, खिडकीला जाड रबरी पडदा आणणार होता. मीच तोंड घातलं. "सुम्ने, उगीच विकत कशाला आणता? मी रंगवून देतो. सूर्य आला तरी हात जोडून परत जाईल!" जाड कापड तीनदा रंगात बुडवून पडदा लावला. असा अंधार, की बाहेर येताना चौकटीवर माझंच कपाळ फुटलं. तेवढ्यावर मी गल्लीभर मिरवलो.

आठ दिवसांत कॅमेरा डोंगरावरच्या दुर्बिणीला लागायचा होता. दोन वर्षं वाट बघून साडूला तिथं तीन रात्रींची पाळी मिळालेली. हुकली की गेली. आणि कॅमेऱ्यात तर उजेडाचं धुकं! त्यानं तो खोलला, जोडला, परत खोलला. मी रोज डबा पोचवायचो, वर सल्ला द्यायचो, "नोडी, बघा जरा, तुमच्या स्क्रूतच घोटाळा आहे." सातव्या दिवशी दुपारी त्यानं कॅमेरा सहज खिडकीकडे वळवला. त्यात माझा पक्का काळा धुतलेल्या पंच्यासारखा पांढराफेक! उन्हाचा न दिसणारा भाग त्यातून आरामात आत येत होता.

"अय्यो अण्णा," एवढंच बोलून तो स्क्रूड्रायव्हर ठेवून खाली बसला.

कॅमेरा परत तपासून डोंगरावर पोचायला एक दिवस उशीर झाला. तीन रात्रींतली एक गेली, आकाशगंगांचं काम अर्धं राहिलं. मोठ्या साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा म्हणे हा म्हणाला, "पडदा न तपासता लावला. चूक माझी." मेव्हणीनं सांगितलं मला. भिंतीतला माझा खिळा वाकडा गेला तरी टेप लावून चूक मोजून दाखवणारा माणूस हा!

तो अजून येतो, डोकं खातो. त्या हुकलेल्या रात्रीचं मात्र कधी काढत नाही. मीही बदललोय. गिऱ्हाईक कापड उलटंपालटं करून विचारतं, "काळा पक्का ना?" मी म्हणतो, "तुम्हाला दिसतोय तेवढा."