फोटोखालचं इंग्रजी कार्ड

त्या सेक्रेटरी साहेबांवरचा राग माझा अजून गेला नाही. स्वतःवरचा तर जायचं नावच घेत नाही, कारण साहेब कधीच बदली होऊन गेले आणि माझी माझ्याशी रोज गाठ पडते, दाढी करताना.

आपलं शिक्षण सातवीपर्यंत. तीही पूर्ण नाही, मास्तरांनी हात जोडले म्हणून सोडली. आम्ही वर्ध्याकडचे. बाबा भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात वाइंडिंग खात्यात होते, म्हणजे मोटरीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवायचं काम. मी त्याच कारखान्यात पेंट शॉपला हेल्पर लागलो. इंजिनियर मोटर काढायचे कागदावर, बाबा तिच्या आतलं बघायचे आणि मी तिला बाहेरून राखाडी रंग फासायचो. आमच्या घरात मोटरीशी सगळ्यात वरवरचा संबंध माझा.

कॅमेरा घेतला जवाहर चौकातून, जुना. लग्न जमत नव्हतं म्हणून घेतला. दोस्त म्हणाला, गळ्यात कॅमेरा असला की पोरी बघतात. बघायच्या, नाही असं नाही. पण कॅमेऱ्याकडे बघायच्या आणि मग म्हणायच्या, "भैया, हम सब की एक साथ खींच दो."

टाउनशिपच्या कम्युनिटी हॉलमध्ये फोटो क्लब होता. सगळे इंजिनियर. सेक्रेटरी डिझाइन खात्यातले, पुण्याचे, शर्टाच्या खिशाला कायम पेन. मला क्लबात घेतलं कारण डार्करूममधले ट्रे धुवायला माणूस हवा होता. त्या बदल्यात माझे रोल मी तिथेच धुवायचे असं ठरलं. मी घरी सांगितलं, क्लबाचा मेंबर झालो.

रविवारी सकाळी तिथे चर्चा चालायची. सगळे मराठीच किंवा हिंदीच बोलायचे, पण नावं सगळी इंग्रजी. ॲपर्चर, एक्स्पोजर, डेप्थ ऑफ फील्ड. मी मागे बसून त्यांना कारखान्यात आणायचो. ॲपर्चर म्हणजे व्हॉल्व्ह, जास्त उघडला की जास्त उजेड. शटर म्हणजे शटरच, किती वेळ वर ठेवायचं तेवढा प्रश्न. इथवर गाडी बरी चालली. पुढे कळलं की एफ दोन म्हणजे मोठं भोक आणि एफ सोळा म्हणजे बारीक. आकडा वाढला की भोक लहान. आमच्या स्टोअरमध्ये असा हिशोब कोणी मांडला असता तर त्याला चार्जशीट मिळाली असती. मी तसं विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "अरे, तो रेशो असतो. तुला नाही कळायचं ते." सगळे हसले. सगळ्यात जोरात मी हसलो. ही माझी खोड आहे. लोक हसायला लागले की मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसतो, म्हणजे मग कोणाचं काय बिघडलं ते बघावं लागत नाही.

तर फोटो. थंडीचे दिवस, बाबांची फर्स्ट शिफ्ट. क्वार्टरसमोर सायकलीत हवा भरत होते. माकडटोपी, दात आवळलेले, पंप खालीवर. उजेड म्हणजे नुसता नावाला. मी दाबलं बटण. डार्करूममध्ये ट्रेत फोटो वर आला तर बाबांचा चेहरा एकदम साफ, टोपीचा धागान्‌धागा दिसतोय, आणि दोन्ही हात आणि पंप म्हणजे नुसता धूर. म्हटलं, गेला वाया.

सेक्रेटरींनी तो चिमट्याने उचलला.

"कोणाचा हा?"

"माझाच, साहेब. बिघडला."

"बिघडला कसला. मोशन ब्लर आहे. चेहरा बघ कसा शार्प आलाय. प्रदर्शनात लाव हा."

साहेबांनी मला पहिल्यांदाच ट्रे सोडून दुसरं काही सांगितलं होतं. मी शॉपमध्ये जाऊन टाइमकीपरला विचारलं, ब्लर म्हणजे काय. तो म्हणाला, "धुंधला. जो साफ न दिखे." मी मनात म्हटलं, असू दे. हे कोणाला सांगायचं नाही.

बाबा महिनाअखेर रिटायर होणार होते. क्वार्टर सोडायचं, गावी जायचं, असं ठरलेलं. माझी नोकरी इथेच, मला पुढे टाउनशिपबाहेर सोनागिरीत खोली बघायची होती. रात्री जेवताना सांगितलं, तुमचा फोटो हॉलच्या भिंतीवर लागणार.

"भिंतीवर?" बाबा म्हणाले. "आपल्याकडे भिंतीवर मेलेलेच लागतात बे."

आई म्हणाली, "शुभ बोला काही."

पण दुसऱ्या दिवशी सगळ्या वाइंडिंग खात्याला माहीत झालेलं. हे बाबांनीच केलं. इतकी वर्षं त्यांनी कारखान्याच्या भिंतीवर मोठ्या साहेबांचे फोटो बघितले होते, सेफ्टीच्या पोस्टरवरचा हेल्मेटवाला माणूस बघितला होता. आता जायच्या आधी एकदा स्वतःला भिंतीवर बघायचं होतं, आणि बरोबरच्यांना तो फोटो बघताना बघायचं होतं. घरी तोंडाने बोलले नाहीत. शर्ट तेवढा इस्त्रीला टाकून आले, जो कधी टाकत नव्हते.

आता कार्डाचं. क्लबाचा नियम होता की प्रत्येक फोटोखाली कार्ड पाहिजे, इंग्रजीतून. वर फोटोचं नाव आणि खाली टेक्निक, म्हणजे हा फोटो काढताना कायकाय केलं ते.

आमच्या कारखान्यात कुठलाही तुकडा एकटा फिरत नाही, त्याच्याबरोबर जॉबकार्ड फिरतं. टर्निंग झालं, लिहा. ड्रिलिंग झालं, लिहा. ज्या कार्डावर दोनच ओळी, तो म्हणजे वॉशर, कोणी पायाने पण सरकवतो. ज्याचं कार्ड खालपर्यंत भरलं, तो जॉब क्रेनवाला पण जपून उचलतो. मी कारखान्यात जे काही शिकलो त्यातलं हे एक पक्कं डोक्यात बसलेलं. माझ्या बापाचं कार्ड वॉशरचं असणार नव्हतं.

डार्करूमच्या भिंतीवर टेक्निकच्या नावांचा तक्ता होता. वाचता येत नव्हतं धड, पण अक्षर काढण्यात मी पेंट शॉपचा माणूस. मोटरींवर नंबर मीच घालायचो. बसलो आणि उतरवलं. पॅनिंग. ब्रॅकेटिंग. डबल एक्स्पोजर. सोलरायझेशन. डॉजिंग. बर्निंग. हाय की. जागा उरली म्हणून खाली लो की. असं सुंदर कार्ड अख्ख्या हॉलमध्ये दुसरं नव्हतं.

मोशन ब्लर पण तक्त्यावर होतं. मला दोन्ही शब्द ओळखू आले. ते मी सोडून दिलं. स्वतःच्या जॉबचं रिजेक्शन स्वतःच्या हाताने कार्डावर कोण चढवतो?

रविवारी दुपारी शहरातून जज आले, कुठल्यातरी कॉलेजचे प्रोफेसर. मी चहाचे कप फिरवत होतो. प्रोफेसर बाबांच्या फोटोसमोर थांबले. माझी छाती फुगली. मग ते खाली वाकले, कार्ड वाचलं आणि हसायला लागले. चष्मा काढून हसले. सेक्रेटरींना म्हणाले, "हाय की भी और लो की भी? भाई साहब, ये फोटो है या शादी का मेन्यू?" एक म्हणजे अख्खा फोटो उजळ आणि दुसरं म्हणजे अख्खा काळोखा, हे मला मागाहून कळलं.

सेक्रेटरींचा चेहरा असा झाला की मी कप खाली ठेवला. प्रोफेसर पुढे गेले. साहेबांनी फोटो खिळ्यावरून काढला आणि चहाच्या टेबलामागे ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

"साहेब, तुम्हीच निवडला होता."

"मी फोटो निवडला होता. असली खोटी माहिती लावायला नव्हतं सांगितलं. क्लबाची काही इज्जत आहे की नाही?"

आणि मी हसलो. सवयीने. ते हसू मला आजही आठवतं आणि थोबाडीत मारावीशी वाटते. माझ्याच.

तेवढ्यात बाबा आले. बरोबर वाइंडिंगवाले, सगळे अंघोळ करून, केसांना तेल लावून. सुट्टीच्या दिवशी ही माणसं घराबाहेर पडतात ती भाजी आणायला. एका बाजूने सगळ्या भिंती बघत चालले. सूर्यास्त बघितले, तळं बघितलं, नळातून पडणारा थेंब बघितला. दुसऱ्या बाजूने परत आले.

"कहाँ है, दादा?" एकाने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. कार्ड तसंच चिकटलेलं होतं खाली, साहेब काढायचं विसरले होते.

"उतरवला," मी म्हणालो.

"काऊन?"

"कार्डात चूक झाली."

"वाच बरं काय लिहिलं ते."

मी वाचलं, पाठ केलेलं होतं. बर्निंगपाशी बाबांनी हात वर केला. वाइंडिंगवाल्या माणसाला त्याच्या आयुष्यात याच्याइतका वाईट शब्द नाही. मोटर जळून परत आली की याच शब्दाने येते.

"बर्निंग? काय जळलं?"

"काही नाही. डार्करूममध्ये एक जागा काळी करतात, त्याला म्हणतात."

"तू केली?"

"नाही."

"मग जे केलं नाही ते कार्डावर चढवलं?"

मी कार्डाचा कोपरा नखाने खरवडायला लागलो.

"माझ्या खात्यात असं कोणी केलं ना, टेस्टिंगला मोटर फुटते. माणूस मरते." मग साहेबांकडे वळले आणि हात जोडले. "साहेब बरोबर आहे. पोराचं चुकलं."

इथे माझे कान तापले. माझा बाप, ज्याचा फोटो काढून भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, तो ज्याने ठेवला त्यालाच हात जोडतोय, आणि ते पण माझ्यामुळे.

"ते कार्ड फाडून टाका, साहेब," बाबा म्हणाले. "दुसरं लिहू. काय केलं रे तू फोटो काढताना, खरं खरं सांग."

"बटण दाबलं."

"बस, तेच लिहा. एवढा वेळ लटकवा, ही मंडळी बघून जाईल. मग काढून घ्या."

साहेब नम्र बोलले, ते मला जास्त लागलं. "काका, तुमची भावना समजते मला. पण टेक्निक लिहिल्याशिवाय नाही लावता येत. नियम आहे. आज तुम्हाला लावू दिलं तर उद्या सगळेच म्हणतील."

खिशाला पेन होतं. मी त्या पेनाकडे बघत होतो, का ते मलाच माहीत नव्हतं. नंतर कळलं का. त्याच संध्याकाळी चहाचे ट्रे परत ठेवताना क्लबातला एक ज्युनियर इंजिनियर मला म्हणाला, "अरे यार, मोशन ब्लर लिखना था बस. दो शब्द. वो तो सर ने खुद बताया था तुझे." म्हणजे तो दोष नव्हता, ते फोटोत मुद्दाम करतात, त्याचं कौतुक असतं. आणि हे साहेबांना माहीत होतं. माझे बाबा हात जोडून उभे होते तेव्हा माहीत होतं. टोपण काढायचं आणि दोन शब्द लिहायचे, एवढंच होतं. त्यांनी नियम सांगितला. मला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, ही माझी अक्कल. त्यांना माहीत होता.

हॉलमध्ये सगळे उभेच होते. वाइंडिंगवाल्यांपैकी एक म्हातारा बाबांचा खांदा धरून खिळ्याखाली घेऊन गेला आणि म्हणाला, "अरे, असली माल यहाँ खड़ा है, फोटो का क्या करना. देख लो भाई सब लोग."

सगळे हसले. बाबा सगळ्यात जोरात हसले. माझी खोड कुठून आली ते मला तिथे दिसलं, आणि मी उरलेल्या कपात चहा ओतायला लागलो, कारण दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

फोटो बाबांनी सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबने बांधून घरी आणला. मी म्हटलं, घरीच लावू ना भिंतीवर. आईने हातोडी लपवली. जिवंत माणसाला आजोबांच्या बाजूला टांगायला निघाला, म्हणे. बाबांनीही जोर केला नाही. फोटो ट्रंकेत गेला, आईच्या लुगड्यांच्या खाली, आणि महिनाअखेर ट्रंकेबरोबर गावी.

क्लबात मी परत गेलो नाही. ट्रे कोणी धुतले माहीत नाही. कॅमेरा राहिला. काही वर्षांनी माझं लग्न झालं तेव्हा फोटो जवाहर चौकातल्याच एकाने काढले, मी त्याला विचारलं, कार्ड नाही ना लागत? तो म्हणाला, "कैसा कार्ड?"

बाबा गेले तेव्हा ट्रंक उघडली. आईने स्वतःच्या हाताने फोटो पुसला, फ्रेम करून आणायला सांगितली. आता लागला भिंतीवर, आजोबांच्या बाजूला, हारासकट. आमच्या रिवाजात बसला, आता कोणाची ना नव्हती. ज्याला बघायचा होता तो सोडून सगळ्यांनी बघितला.

तेराव्याला चुलतभाऊ त्याच्यासमोर उभा राहिला. चांगला माणूस, मनात काही नाही त्याच्या. म्हणाला, "चेहरा झकास आला. पण हात पुसट झाले गा काकाजीचे. खराब झाला असंल."

"खराब नाही झाला," मी म्हणालो. आवाज चढला माझा, बायका स्वयंपाकघरातून बघायला लागल्या. "मोशन ब्लर आहे तो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे हवा भरून राहिले ते."