लाल दोऱ्याचा गुण्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, मालकांच्या फोटोपुढं उभं राहूनसुद्धा नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून सांगते. समोर ओळखीचं तोंड असलं की मला खोटं फार सहज सुचतं.

तशी मी बोलघेवडी बाई. बावड्यात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा— आलेला पावणा आमच्या घरातनं चहाशिवाय गेलेला नाही. माझ्याबद्दल सगळे चांगलंच सांगतील. तेच तर...

बरं. पहिल्यापासनं सांगते.

उद्यमनगरात आमचं लहानसं शेड होतं. मालक, म्हणजे आमचे यजमान, फिटर. मी सातवी शिकलेली, त्यांचा डबा घेऊन जायची आणि बसल्या बसल्या बघायची. बघून बघून कानस चालवायला शिकले. शिकवलं कुणी नाही. लोखंड कुठं उंच राहिलंय ते माझ्या बोटांना कळायचं. "वैनींनी हात फिरवला की मशीन कशाला पायजे?" म्हणायचे कामगार. मालक गेल्यावर शेड मीच चालवलं. कसला कागद नव्हता माझ्याकडं, पण हात होता. आणि त्या हाताचा माज होता— आता लपवून काय करू?

मुलगा ट्रकवर, महिन्यातनं चार दिवस घरी. सून आली ती वैशाली. लेकीला दूध पाजता पाजता म्हणाली, आयटीआयला नाव घालते, फिटरला. वर्गात दोनच बायका. मी म्हणाले, जा की! अगदी मनापासनं म्हणाले. दोन वर्षं नात माझ्या कडेवर होती. मग तिनं एक वर्ष अप्रेंटिस केली. सर्टिफिकेट आलं तेव्हा गल्लीत पेढे मीच वाटले.

मग बिघडलं कुठं?

एका वाक्यात बिघडलं. शेडमध्ये मी कानस मारत होते. ती शेजारी येऊन उभी राहिली, बघितलं, आणि म्हणाली, "आत्या,"— आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात— "कानस मागं घेताना दाब द्यायचा न्हाय. दात मरतात तिचे." बरोबर होतं तिचं. चांगल्या मनानं सांगितलं होतं. पण मालकांच्या वेळचा एक कामगार मोठ्यानं म्हणाला, "वैनी, आता तुमचं बी ॲडमिशन घेऊन टाका की!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. हसता हसता माणूस आत काय ठरवतं, ते दिसतं का कुणाला?

त्याच वर्षी एका साखर कारखान्यात फिटरची जागा निघाली. कायमची. परीक्षा हाताची होती— लोखंडाच्या तुकड्याच्या दोन बाजू घासून काटकोनात आणायच्या. हत्यारं आपापली आणा म्हणाले. आयटीआयची हत्यारं तिनं परत दिलेली, म्हणून मामंजींचा गुण्या मागितला. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं हत्यार हो. कामाला लावायचा, उजेडाकडं धरायचा. फटीतनं उजेड आला नाही की काम खरं.

मालकांचे गुण्ये दोन होते. एक खरा. दुसरा कधीकाळी कोब्यावर पडलेला. पडलेला गुण्या डोळ्यांना चांगलाच दिसतो, पण त्याचा काटकोन हललेला असतो— केसभर. त्यांच्या उस्तादांनी दिलेला, म्हणून टाकवत नव्हता. चुकून कुणी वापरू नये म्हणून मालकांनी त्याला लाल दोरा बांधून ठेवला होता. वैशालीला हे माहीत नव्हतं. मला होतं.

थांबा जरा. सांगते.

तो दोरा मी कापला. विळीवर. खंडेनवमीला हत्यारं पुजली, तेव्हा त्या गुण्याला तेल लावलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दसऱ्याला आपट्याच्या पानांबरोबर तिच्या हातात दिला. "मामंजींचा हाय. जप." पोरीनं तो कपाळाला लावला. डोळे भरून आले तिचे.

तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई, तिला कळू नये? शिकवतात की त्यांना. गुण्या धरून पत्र्यावर रेघ मारायची, मग तो पलटून त्याच जागी दुसरी मारायची. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. दुसऱ्या दिवशी ती तेच करायला बसली होती. पत्रा मांडीवर, पेन्सिलीची एक रेघ मारून झालेली. मी दारातनं म्हणाले, "देवापुढं ठेवलेलं हत्यार तपासतीस व्हय? मामंजींवर बी विश्वास न्हाय?"

ती लाजली. अंगठ्यानं रेघ पुसून टाकली.

म्हणजे एकदा नाही, दोनदा. दोरा कापताना राग होता म्हणू. हे मात्र थंड डोक्यानं केलं.

महिनाभर तिनं त्या गुण्यावर हात बसवला. मी आल्याचा चहा करून द्यायची. "आत्या, बघा की, उजेडाचं नाव न्हाय!" मी बघायची. म्हणायची, "झकास."

परीक्षेहून ती दुपारी परत आली. मी भाकरी थापत होते. दारातच बसली. साहेबांनी त्यांचा गुण्या लावला तर फटीतनं उजेड. सगळ्यांच्या देखत विचारलं म्हणे, "बाई, सर्टिफिकेट विकत घेतलंय काय?" हे सांगून म्हणाली, "गुण्या तर मामंजींचा होता, आत्या. मग माझाच हात..."

आणि वाक्य सोडून माझ्याकडं बघत राहिली. बोलायला तेवढी जागा होती. मी भाकरी उलटली आणि म्हणाले, "न्हाय बाई तुझा हात सरळ. असतं एकेकाचं. जन्माचंच असतंय."

आत काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. उन्हातनं येऊन गार पाणी प्यावं तसं.

बारा वर्षं झाली. तिनं पुन्हा कानस धरली नाही. जागा निघायच्या, फॉर्म यायचे, ती भरायची नाही. आता दुधाच्या पिशव्या भरते एका डेअरीत, दिवसभर उभी राहून. माझे पाय दुखले तर आल्या आल्या तेल लावून देते.

या जूनमध्ये नात, श्रेया, दहावी झाली. आयटीआयचा फॉर्म घेऊन आली. फिटरच पाहिजे म्हणाली. वैशालीनं फॉर्म वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "नको बाळा. माझा हात तुला आला असंल. दोन वर्षं फुकट जातील. आजीला दाखव हात, तिला कळतंय त्यातलं."

पोरीनं हात माझ्यापुढं केला. मी बोटं चाचपून बघितली. लांब, शांत, न थरथरणारी. मालकांचा हात होता तो, हुबेहूब.

"आईचाच हाय," मी म्हणाले.