मायेचं गाऱ्हाणं

माझा भाऊ गेला त्या दिवशी मी ओसरीवर रडत बसले होते आणि आमच्या ह्यांनी विचारलं, "आज बांगडे नाय गो?" घरात सुतक, आणि ह्यांना मासळी हवी! मी रागाने तांब्या आपटला. हे नुसते सांडलेल्या पाण्याकडे बघत राहिले.

ही २००९ची गोष्ट. गोव्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, डिमेन्शियाच, पण यात आठवणींच्या आधी माया आटते. खरंच, वाडीतल्या सगळ्यांची नावं ह्यांना पाठ होती, फक्त कुणाबद्दल काही वाटत नव्हतं. माझ्याबद्दलसुद्धा.

आणि आजाराआधी ह्याच माणसाला वाडी गाऱ्हाण्याला बोलवायची. होडी पाण्यात लोटायची असो की कुणी मुंबईला नोकरीला निघालेलं असो, हे देवापुढे नारळ ठेवून मागणं मागत आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला "होय म्हाराजा" म्हणत. परक्यासाठी मागतानाही ह्यांचा गळा दाटायचा. मी चिडवायचे, "देवापेक्षा तुमकाच जास्त रडू येता."

"यावर औषध?" मी डॉक्टरांना विचारलं.

"बाळाला पाजताना आईच्या अंगात एक हार्मोन वाढतं. ते नाकात फवारून भावना जाग्या होतात का, यावर परदेशात संशोधन चाललंय. पण अजून औषध म्हणून देता येत नाही."

मला हसू आलं आणि रागही. मला मूलबाळ नाही, पाजायचं सुख माझ्या वाट्याला आलंच नाही. म्हणून माझी माया काय कमी होती? पण बुडत्याला काडीचा आधार. मी दर खेपेला विचारायचे, डॉक्टर दर खेपेला नकारार्थी मान हलवायचे.

शेवटी एका सकाळी मीच देवापुढे नारळ ठेवला. आमच्याकडे बाई गाऱ्हाणं घालत नाही. नसेना का! ह्यांना मागे बसवलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, त्या औषधाची वाट किती बघू? ह्यांच्या मनात माझी माया परत येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मागून तोच जुना खणखणीत आवाज आला.

मला वाटलं, देवाने ऐकलं. मी झटकन वळले. ह्यांची नजर नारळावर होती.

"खोबरा दी गो," हे म्हणाले.

मी नारळ फोडला आणि ह्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. माझ्या गाऱ्हाण्याला होय म्हणणारं घरात एकच माणूस होतं, आणि मी काय मागितलं ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.