झेंडूची माळ

दुष्काळाच्या त्या वर्षी राहुरीत आम्हा भावांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. सोनईच्या एका शेतकऱ्याच्या पंपाच्या झाकणाचे आटे गेले होते. नवे पाडताना मी घाई केली आणि आटे पाडायचा टॅप भोकातच मोडला. त्या कडक पोलादाला ड्रिल लागेना, आणि छिन्नी मारली तर बिडाचं झाकणच फुटलं असतं.

रेडिओवाल्याकडचे कंडेन्सर, विजेच्या घंटेची कॉईल आणि पितळी सळई घेऊन मी एक यंत्र जुळवलं. झाकण रॉकेलमध्ये बुडवायचं, वर थरथरणारी सळई ठिणग्या पाडायची आणि टॅप कणाकणानं झिजायचा. यंत्र चालायचं, पण वीज टिकायची नाही. तीन दिवसांत जेमतेम अर्धा टॅप गेला.

चौथ्या दिवशी सकाळपासून वीज होती, आणि नेमकी खंडेनवमी. थोरल्या भावानं लेथबरोबर माझ्या यंत्रालाही हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली होती.

"आज हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"तिकडे पाण्यावाचून त्या शेतकऱ्याची मोसंबी वाळतीय!" मी ओरडलो.

"मग त्यालाच विचार."

शेतकरी दारातच बसला होता. मी विचारलं, तर त्यानं कानाला हात लावला. "न्हाई मालक, पुजलेलं हत्यार चालवू नका. मी बी औतं पुजून आलोय. उद्या बघू."

त्यानंच प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. ते धरून मी यंत्रासमोर बसून राहिलो.

त्या दिवशी वीज एकदाही गेली नाही.